ट्यूबचा फोटो पाठव

मिरज, गुरुवार रात्र

चि. सई हिस,


वहिनी आज पुण्याहून आली ती पिशवी हातात घेऊन थेट माझ्याच दारात. चहासुद्धा नको म्हणाली. "वन्सं, पोरगी रात्री तोंडाला पट्ट्या चिकटवून झोपते आणि सकाळी गाल भाजल्यासारखे लाल," एवढं सांगून डोळ्यांना पदर लावला. तुझी आई मुळात घाबरट, हे तुला-मला ठाऊक आहे. अंगावर पाल पडली तरी पंचांग काढते. म्हणून निम्मं मी सोडून दिलं. पण उरलेल्या निम्म्यात तिनं एका ट्यूबचा उल्लेख केला, आणि मग माझाच चहा निवून गेला.

फोनवर तू "हो गं आत्या, हो गं" करून कटवतेस आणि व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवतेस. म्हणून कागद घेतला.

पट्ट्यांचं आधी बोलते, कारण पट्ट्यांची मला भीती नाही. वहिनीनं तुझ्या कपाटातलं एक रिकामं पाकीट आणलंय, ते समोर घेऊन बसले आहे. हे साधे पारदर्शक पॅच म्हणजे हायड्रोकोलॉइड. आमच्या रुग्णालयात शय्याव्रणांवर आणि भाजलेल्या जखमांवर लावायच्या मोठ्या पट्ट्या याच जातीच्या. ओल शोषायची आणि जखम झाकून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पिकलेल्या पिंपलवर रात्री लावला की सकाळी मधोमध पांढरा फुगवटा दिसतो, तो आतला पू आणि पाणी. शिवाय तुझी नखं तिथपर्यंत पोचत नाहीत, हा मोठाच फायदा. बारावीच्या परीक्षेत तू एका हातानं पेपर लिहीत होतीस आणि दुसऱ्या हातानं हनुवटी खुडत होतीस, हे सुपरवायझर बाईंनी दादाला सांगितलं होतं.

पण पिंपल बसल्यावर मागे जो तपकिरी डाग राहतो, त्यावर ही पट्टी महिनाभर ठेवलीस तरी काही होणार नाही. तिथं शोषायला ओल कुठाय? तो रंग आहे. कातडीला सूज आली की रंग तयार करणाऱ्या पेशी चवताळतात आणि गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन ओततात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्या मुळातच तत्पर, म्हणून आपल्याला फुटकुळीपेक्षा तिच्या डागाचाच जाच जास्त. हा रंग वरच्या थरात असला तर काही महिन्यांत उतरतो, कधी वर्ष घेतो. खाली झिरपला असेल तर राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो. वहिनी म्हणते तुझे डाग चहाच्या रंगाचे आहेत. मग ते जाणारे आहेत, सई. तू नुसती बसून राहिलीस तरी जाणारे आहेत.

दुसरं पाकीट उजळ करणाऱ्या पॅचचं, ज्यांना बारीक काटे असतात. ते काटे बहुधा हायलुरोनिक ॲसिडचे, कातडीत टोचून विरघळतात आणि सोबतचं औषध थोडं आत सोडतात. त्यात नायसिनामाइड आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे. हे दुसरं नाव वाचून मला हसू आलं. पाळीत फार रक्त जातं म्हणून आलेल्या बायकांना याच्या गोळ्या आम्ही औषधांच्या खिडकीतून देत आलो. 1979 साली जपानमध्ये एका डॉक्टरांनी हे औषध भलत्याच दुखण्यासाठी दिलं, आणि रोग्याच्या तोंडावरचे वांग फिके झाले. तिथून ते सौंदर्याच्या बाजारात शिरलं. म्हणजे अगदीच थाप नाही. फरक पडतो, पण हळू आणि थोडा. दोन रात्रींत डाग गायब झाल्याचे जे फोटो तू बघतेस, त्यात निम्मं काम दिव्याचं असतं. पैसे तुझे आहेत, तू कमावतेस, दोन-चार पाकिटं घेतलीस तर मी काही बोलणार नाही.

बोलायचंय ते ट्यूबबद्दल.

वहिनी सांगते की तुझ्या रूममेटनं तिच्या ओळखीच्या मेडिकलमधून एक पांढरी ट्यूब आणून दिली, पहिल्याच आठवड्यात चेहरा काचेसारखा झाला, आणि आता तू आधी ती लावतेस आणि वरून पट्टी. हे खरं आहे का? पट्ट्या पाकिटात ठेव, ट्यूबची पुढची आणि मागची बाजू, दोन्हींचा फोटो काढून मला पाठव. हे पत्र पुढे वाचायच्या आधी पाठव.

पहिल्या आठवड्यात चकाकणारी ट्यूब मी नोकरीभर पाहिलेली आहे. बहुतेकदा त्यात तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. ही मूळ कल्पना अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस यांची, 1975 सालची. वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे, अशी ती वापरायची असते. आपल्याकडे ती फेस क्रीम झाली. मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल किंवा फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर समज. लेबलावर डावीकडे उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ती तुझ्या हातात यायलाच नको होती. 2018 साली सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं परिशिष्ट एचमध्ये घातली ती याचसाठी. तरीही काउंटरवरचा पोरगा "गोरं व्हायचंय ना?" म्हणून पुढे सरकवतोच.

स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून आधी छान दिसतं. मग कातडी पातळ होते. गालांवर तांबड्या शिरा उमटतात, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या दुपटीनं येतात. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस परत लावतं. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नावच देऊन टाकलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. आमच्या ओपीडीत या मुली ओढणी नाकापर्यंत घेऊन बसायच्या. आपला नंबर पुकारला तरी उठायच्या नाहीत, सगळे गेले की मग यायच्या. आणि हायड्रोक्विनोन महिनोन्‌महिने फासलं तर काहींच्या गालावर निळसर काळं साकळतं, ते मूळ डागापेक्षा चिवट.

त्यावर तुझी पट्टी! जाड चट्ट्यांवर औषध खोल जावं म्हणून डॉक्टर मुद्दाम मलमावर प्लास्टिक गुंडाळतात, माहीत आहे? झाकलं की औषध कितीतरी जास्त आत शिरतं. आणि चेहरा म्हणजे काही हात नव्हे. हायड्रोकॉर्टिसोनवरचं 1967 सालचं जुनं संशोधन आहे: हाताच्या आतल्या बाजूपेक्षा कपाळातून ते सहापट आत गेलं आणि जबड्यावरून तेरापट. तुझे डाग नेमके जबड्यावर. तू बोटभर मलम लावतेस आणि कातडीला पोहोचतं ते भलतंच. बी.टेक. झालेली पोरगी तू, आम्ही काय कप्पाळ सांगायचं तुला?

आणि ट्यूबवर काही लिहिलेलंच नसेल, नुसती पांढरी डबी किंवा परदेशी अक्षरं असतील, तर मला जास्त धडकी भरेल. 2023 मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं पेपरात आलं होतं. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा त्यांच्या गोरं होण्याच्या क्रीममध्ये पारा निघाला. कात्रण मी तेव्हा तुझ्या आईला दिलं होतं. तिनं बहुधा फळीवरच्या डब्याखाली घातलं असेल.

फोटो पाठवलास का?

कोल्हापूरच्या त्या स्थळाच्या मंडळींनी काय म्हटलं, कसं म्हटलं, कुणी ऐकलं, यात मला पडायचं नाही. वन्संनी विचारावं असं वहिनीला वाटतंय, पण मी विचारणार नाही. फक्त तारखा जुळवल्या तर ते प्रकरण चैत्रातलं आणि ट्यूब वैशाखातली, एवढं मला कळतं. त्या बाईंनी फोटो आणि प्रत्यक्ष यात फरक आहे म्हटलं असेल तर म्हणू दे. त्यांच्या मुलाच्या फोटोत केस होते, हे आपण बोललो का?

रविवारचा सिंहगड तू सोडलास, हे मात्र मला लागलं. ऊन नको म्हणून. मी अकरावीत असताना आपल्या आजीनं असंच म्हटलं होतं, "आधीच तोंडावर डाग, वर मैदानावर रापतेस." मी खो-खो सोडला. तू मला गुडघेदुखीवालीच पाहिलीस. पण तेव्हा मी पाठलागावर असले की खांबाजवळ कुणी टिकत नसे. जिल्ह्याच्या संघात नाव होतं. पुढची दोन वर्षं दुपारी खिडक्या लावून घरात बसले, सहाणेवर दुधात जायफळ उगाळून गालाला फासलं, त्यानं आग व्हायची आणि डाग आणखी गडद व्हायचे. त्याच सुमारास, 1975 मध्ये, ती फेअर अँड लव्हली बाजारात आली. शेजारच्या कुलकर्णीकाकू एकच ट्यूब चौघींना पुरवायच्या. 2020 मध्ये त्या नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं तेव्हा मी दादाला म्हटलं, चला, माझ्यापेक्षा उशिरा का होईना, शहाणपण आलं. डाग कधी गेले ते मला आठवतही नाही. संघ नाशिकला खेळायला गेला तो दिवस मात्र आठवतो. एसटी आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली आणि पोरींनी माझ्या नावानं आरडाओरडा केला, मी दार उघडलं नाही.

तुला ऊन टाळायचंच असेल तर सनस्क्रीन लाव, पण नीट लाव. एसपीएफ 30च्या वरचं, दोन बोटं भरून, ओठांच्या कडेपर्यंत, आणि गडावर दोन-तीन तासांनी परत. रंगाची छटा असलेलं मिळालं तर उत्तम. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, आणि आपल्या कातडीचे डाग त्यानंही गडद होतात. ऑफिसात काचेशेजारी बसतेस ना? काचेतूनही थोडं ऊन येतंच. टोपी घाल आणि जा. खालच्या मावशीचं ताक पी.

मघाशी मी फार बोलले. तू काही चोरी केली नाहीस. कुणालाही मोह व्हावा असंच ते सगळं दिसतं, आणि आरशात रोज सकाळी तेच बघायचं हे सोपं नसतं, मला ठाऊक आहे. पण माझ्या ओरडण्यानं घाबरून ट्यूब उद्यापासून एकदम फेकू नकोस. त्यात स्टेरॉइड असेल आणि एकदम सोडलंस तर चेहरा पेटतो. ते डॉक्टरांनी उतरवत न्यायचं असतं. पट्टी मात्र आजपासून बंद, लिंबू आणि टूथपेस्टही बंद. तोंड साध्या, साबण नसलेल्या फेसवॉशनं धू, मॉइश्चरायझर लाव, बस्स.

शनिवारी मी येते. कोयना एक्स्प्रेसनं येईन, दुपारी उशिरा पोहोचेन. आमच्या खात्यातल्या एक डॉक्टर मॅडम हल्ली कर्वे रोडला बसतात, त्यांच्याशी बोलले आहे. शांत बाई आहे, वजन नि लग्न हे दोन विषय काढत नाही. त्या ॲझेलेइक ॲसिड देतील किंवा ॲडापलीन, जे काय असेल ते, आणि तीन-चार महिने लागतील म्हणून सांगतील. तोवर रागावायचं नाही. तपासताना मी बाहेर बसेन. तुला आत यायला हवी असेन तर आत येईन.

वहिनीला मी सांगितलंय की पोरगी ठीक आहे, नुसती दमली आहे. तू तिला फोन कर, फार काही बोलू नकोस, जेवलीस का एवढंच विचार. ती तेवढ्यावर झोपेल.

येताना भडंग आणते, सांगलीचं, तू म्हणतेस तसं शेंगदाणे जास्त घातलेलं. रूममेटलाही दे. तिच्यावर माझा राग नाही; तिच्या गालांकडेही एकदा बघेन म्हणते.

तुझी,
आत्या

ता. क. तुमच्या फ्लॅटवर खाली सतरंजीवर झोपायला मला काही अडचण नाही. उठताना हात दे म्हणजे झालं. गुडघ्याचं दादाला सांगू नकोस, नाहीतर येऊ द्यायचा नाही.