काढलेला तुकडा काय सांगतो?

वेळच्या वेळी नीट लघवी करणारी, तरीही जिचे कपडे दिवसभर ओलसर राहतात, अशी मुलगी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बहुधा वाईट सवय म्हणून तिलाच बोल लावला जातो. प्रत्यक्षात तिचे एक मूत्रपिंड द्विभागी असून, वरच्या भागाची मूत्रवाहिनी स्फिंक्टरच्या खाली, मूत्रमार्गात किंवा योनिमार्गात उघडत असण्याचा संभव असतो.

द्विभागी मूत्रपिंड सुमारे शंभरात एका व्यक्तीत आढळते आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर उपद्रव होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात वायगर्ट (१८७७) व मेयर (१९०७) यांच्या नावाचा नियम सहसा लागू पडतो. वरच्या भागाची वाहिनी अधिक खाली व मध्यरेषेकडे उघडते आणि तिथे अडथळा निर्माण होतो. खालच्या भागात मूत्र उलटे चढते.

निकामी झालेला वरचा भाग शल्यक्रियेने काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारचे बदल दिसतात. पहिला जन्मजात, म्हणजे डिस्प्लेसिया. त्यात तंतू व स्नायूंच्या वलयांनी वेढलेल्या आदिम नलिका, अपरिपक्व ग्लोमेरुलाय आणि क्वचित कूर्चेची बेटे आढळतात. वाहिनीचे मुख जितके अस्थानी, तितका हा दोष अधिक, असे मॅकी व स्टीफन्स यांनी १९७५ मध्ये मांडले. दुसरा प्रकार अर्जित. त्यात जुनाट दाह, तंतुमयता, आक्रसलेल्या नलिका व काठिण्य आलेले ग्लोमेरुलाय दिसतात. पुष्कळदा एकाच तुकड्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात.

हा भेद केवळ विकृतिशास्त्रज्ञापुरता नाही. जे ऊतक गर्भावस्थेतच नीट घडले नाही, ते अडथळा दूर करूनही कार्यक्षम होत नाही. म्हणून तो भाग काढावाच असे मात्र नाही. योग्य रुग्णात दोन्ही वाहिन्या जोडून तो राखताही येतो. अर्जित हानी मात्र जंतुसंसर्ग व दाब यांतून वाढत जाते आणि ती रोखणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. तान्ह्या बाळाच्या अकारण तापात प्रतिजैविक देण्यापूर्वी योग्य रीतीने घेतलेल्या लघवीचे कल्चर करावे. गर्भावस्थेतील सोनोग्राफीत दिसलेली मूत्रपिंडाची सूज जन्मानंतर पुन्हा तपासावी. सतत ओल्या राहणाऱ्या मुलीला रागावण्यापूर्वी तिची सोनोग्राफी करावी. आणि शल्यक्रिया झालीच, तर ऊतक-अहवाल फाइलमध्ये ठेवण्याआधी अवश्य वाचावा. निसर्गाने काय अपुरे ठेवले आणि आपल्या विलंबाने काय गेले, हे त्यातच लिहिलेले असते.