पानांवरून ठिबकणारे पाणी आणि आपले पाचट



आपल्यापैकी पुष्कळ मंडळी अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीला जातात आणि दर्शन घेऊन तशीच स्टेशनाकडे वळतात. कधी पावसात जाणे झाले तर काळू नदीच्या बाजूला जरा वाट वाकडी करा. एखाद्या जुन्या ऐनाखाली किंवा आंब्याखाली एक पातेले ठेवा, दुसरे उघड्यावर ठेवा. उघड्यावरचे पाणी नितळ राहील, झाडाखालचे फिक्या चहासारखे दिसेल. ढग तोच, सरही तीच. मग फरक कशाने पडला?

थोडा फरक धुळीचा. कोरड्या दिवसांत पानांवर धूळ, धूर आणि समुद्राकडून वाऱ्याने आलेले मीठ साचते. पहिल्या सरी ते धुऊन खाली आणतात.

दुसरे कारण मात्र आपल्या कामाचे आहे. नत्र पानाच्या प्रथिनांत गुंतलेले असते. चुना बराचसा पेशींच्या भिंतीत बसलेला असतो. पालाश तसा कुठेच बांधलेला नसतो, तो रसात मोकळा असतो. पान भिजले की तो पाण्याबरोबर बाहेर येतो, आणि कोवळ्यापेक्षा पिकले पान जास्त सोडते. पुष्कळ जंगलांत गळलेल्या पाल्यापेक्षा या ठिबकणाऱ्या पाण्यातूनच जमिनीला अधिक पालाश परत मिळतो. नत्राचे कधी कधी उलटे होते. पावसातले थोडे नत्र पानेच शोषून घेतात, म्हणजे झाड देते तसे घेतेही!

ठाणे जिल्ह्यातल्या भातकऱ्याला पाल्यातल्या या ताकदीची ओळख फार जुनी. झाडांच्या फांद्या तोडायच्या, शेण, पाला, गवत, माती असे थर द्यायचे आणि पावसाआधी पेटवायचे, हा त्यांचा राब. त्या राखेत पालाश असतो आणि आगीने तणाचे बीही मरते. म्हणून राबावरचे रोप जोमदार येते. इंग्रजांनी जंगल राखीव करून फांद्या तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. पाल्यासाठी माणसे सरकारशी भांडली, ती उगाच नव्हे. पण जाळण्यात नत्र धुरावाटे जाते आणि उरलेली राख वाऱ्याने किंवा पहिल्याच मोठ्या सरीने वाहून जाऊ शकते. जंगल हेच काम काडी न लावता, थेंबाथेंबाने करते.

आता आपल्या रानाकडे बघा. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट पडते. त्यात टक्काभर पालाश धरला तर टनामागे १० किलो, म्हणजे हेक्टरी साधारण म्युरेट ऑफ पोटॅशची तीन पोती झाली. हे खत परदेशातून येते, आणि आपण संध्याकाळी काडी लावून मोकळे होतो. पाचट सरीत दाबले तर त्यातला पालाश पाण्याबरोबर लवकर सुटतो. नत्र मात्र कुजल्यावरच मिळते.

बांधावर झाडे लावा असे मी सरसकट सांगणार नाही, सावलीत ऊस मार खातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खोडव्याचे पाचट मात्र जाळू नका. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत घाला. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या. कुजविणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र ओढतात, म्हणून युरिया टाळू नये.