सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही : जुन्या डिझेल जीपचा पाठ



गेल्या तिमाहीत आपल्यापैकी अनेकांनी विचारले, "जीपचे काय झाले?" ती आपल्याच देणग्यांवर चालते, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ते उत्तर मी पाठाच्या रूपाने देत आहे. आपल्या मंडळ्यांत ड्रायव्हर आहेत, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले फिटर आहेत, जुनी डिझेल गाडी बाळगणारे शेतकरीही आहेत. हा पाठ त्यांच्याही उपयोगी पडेल.

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. येथून घोडेगाव, शिनोली, डिंभे असे पश्चिमेला गेले की धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या लागतात. पावसाळ्यात त्या चिखलाच्या चढांवर चारही चाकांना जोर देणारी गाडीच टिकते. म्हणून आपण जुनी जीप सांभाळून आहोत.

भातलावणीच्या दिवसांत मी अशाच एका वाडीवर मुक्कामी होतो. पहाटे जमिनीवर झोपलेल्या एका ताईला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, पण तिचे विष श्वास बंद पाडते. अशा वेळी लवकरात लवकर रुग्णालय गाठून प्रतिविष देणे हाच उपाय. ताईला जीपमध्ये निजवले आणि मी चावी फिरवली. सेल्फ फिरत होता, इंजिन पेटत नव्हते. मी पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिलो. पंचवीस मिनिटे गेली.

तेवढ्यात वाडीतला एक तरुण पुढे आला. तो काही दिवस गॅरेजात कामाला होता. त्याने विचारले, "सर, सेल्फ मारताना मागून धूर निघतोय का?" धूर नव्हता. त्याने बॉनेट उघडले, डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून घट्ट होईपर्यंत मारला आणि म्हणाला, "आता मारा." गाडी सुरू झाली. ताई वेळेत पोहोचली आणि आज ती बरी आहे. पण ती पंचवीस मिनिटे माझ्या मनातून जात नाहीत. त्या तरुणाचा प्रश्नच आजच्या पाठाचा गाभा आहे.

डिझेल पेटते कसे?

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि तो आपोआप पेटतो. म्हणजे तीन गोष्टी हव्यात : इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, डिझेल पोहोचणे आणि दाबातून उष्णता मिळणे. तपासही याच क्रमाने करायचा.

पहिला प्रश्न : सेल्फ कसा फिरतो?

सेल्फ रेंगाळत असेल तर दाब पुरेसा होत नाही आणि हवा तापत नाही. अशा वेळी डिझेल पंपाला दोष देऊ नये. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा अगदीच मंद झाला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे. उभ्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा दहाच्या बराच खाली जाऊ नये. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार आणि इंजिनाकडून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी आधी साफ करा. सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

दुसरा प्रश्न : धूर निघतो का?

सेल्फ जोमाने फिरतो, तरी सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. टाकीत डिझेल आहे का आणि इंजिन बंद करण्याची ओढदोरी पूर्ण आत गेली आहे का, ते पाहा. काही पंपांवर विजेचा बंद-चालू वाल्व असतो. चावी लावताच त्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे. मग फिल्टरचा विचार करा. त्याच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल बाटलीत घ्या. खाली पाणी साचलेले दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत वाहू द्या. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली की आत दव धरते, म्हणून संध्याकाळीच टाकी भरावी.

शेवटी एअर. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा. पण रोजच एअर काढावी लागत असेल तर हवा कुठून तरी आत येते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल शोषले जाते. त्यामुळे तिथली चीर डिझेल बाहेर गाळण्याऐवजी हवाच आत ओढते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी लाइन रिकामी असते.

तिसरा प्रश्न : धूर आहे, पण इंजिन पेटत नाही?

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. इथे उष्णता कमी पडते. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या, प्यूजो जातीचे २११२ सीसी इंजिन असलेल्या जुन्या जीपना हीटर प्लग असतात. गाडीवर 'डीआय' लिहिलेले असेल तर ते बहुधा नसतात. हीटर तपासण्यासाठी त्यांना जोडणारी पट्टी सोडा. बॅटरीच्या अधिक टोकापासून एका बल्बमधून वायर प्रत्येक हीटरच्या टोकाला लावा. बल्ब पेटला नाही तर तो हीटर तुटला आहे. हीटर चांगले असूनही असाच धूर येत राहिला तर टॅपेट, पंपाचा टायमिंग आणि कॉम्प्रेशन जाणकाराकडून तपासून घ्या. एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची सवय मात्र कायमची सोडा. तापलेल्या हीटरमुळे भडका उडतो, पिस्टनही फुटू शकतो.

चौथा प्रश्न : सुरू झाली, पण मिसिंग मारते?

सकाळी मिनिटभर थरथरून नंतर सरळ चालली तर एखादा हीटर गेला असण्याची शक्यता अधिक. गरम झाल्यावरही मिसिंग राहिले तर कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा. इंजिन मंद चालू ठेवून नोझलवरील पाइपाचे नट एकेक करून किंचित सैल करा आणि पुन्हा आवळा. चालू सिलिंडरचा नट सैल केला की आवाज पडतो. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद आहे. त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरवर बदलून पाहा, तांब्याचे वॉशर नवे घाला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर वाल्व, गॅस्केट किंवा रिंग.

सावधान! ही तपासणी फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. नव्या कॉमन रेल गाडीत हे नट चालू इंजिनावर कधीही उघडू नका. जुन्या गाडीतही डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. डोळ्यांवर चष्मा हवा, नटावर जाड फडके हवे आणि हात दूर हवा.

चालत्या गाडीचा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून आधी एअर क्लीनर उघडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहा.

आपल्या जीपचे काय झाले?

त्या प्रसंगानंतर एका गॅरेजात सांगण्यात आले की डिझेल पंप उतरवून पूर्ण काम करावे लागेल. रक्कम ऐकून मी घाबरलो. मग त्या तरुणाचा प्रश्न आठवला. टाकीकडून येणारा पाइप सोडून आम्ही उंचावर धरलेल्या स्वच्छ डब्यातून डिझेल दिले, एअर काढली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली. म्हणजे पंप निर्दोष होता. टाकीजवळ रबरी पाइपाचा वीतभर तुकडा चासीला घासून चिरला होता. तो तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या, इतकेच काम झाले.

आता माझी कबुली. त्या पहाटेच्या आधी दोन आठवडे गाडी रोज सकाळी जरा उशिराच सुरू होत होती. मी म्हणत राहिलो, "जुनी गाडी आहे, चालायचेच." गाडीने इशारा दिला होता, मी तो ऐकला नाही. आता जीपमध्ये एक वही ठेवली आहे. सेल्फ किती वेळ मारावा लागला आणि धूर कसा होता, हे रोज सकाळी लिहितो. पुढच्या रुग्णाची मिनिटे त्या वहीत वाचणार आहेत.

तरुण संघात चर्चेसाठी

१. सेल्फ जोमात, धूर नाही, थोडा हातपंप मारला की गाडी सुरू होते. दोष कुठे शोधाल?
२. महागडा भाग बदलण्याआधी तो निर्दोष असल्याची खात्री कशी कराल?
३. आपल्या घरात, मंडळीत किंवा सेवेत "चालायचेच" म्हणून आपण कोणता इशारा टाळत आहोत?

आपल्यापैकी जे फिटर आहेत त्यांनी पावसाळ्याआधीचा एक शनिवार केंद्राला द्यावा, ही विनंती. वाड्यांवरची मुले हे काम शिकायला उत्सुक आहेत. शिकवणाऱ्यांच्या यादीत त्या तरुणाचे नाव मी आधीच घातले आहे.