सगळे गप्प, म्हणजे खरेच असेल?

आमच्या वस्तीतील एका मावशींना सहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. महापालिकेच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या त्या नियमाने घेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पायाची जखम काही केल्या भरेना. चौकशी केली तेव्हा कळले, दोन महिन्यांपासून गोळ्या बंद होत्या.

"अगं, ग्रुपवर आलं होतं ना, गोळ्यांनी किडनी जाते, कारल्याचा रस घ्या म्हणून. तीनदा आलं. कुणीच खोटं आहे म्हटलं नाही," मावशी म्हणाल्या.

कुणीच म्हटले नव्हते, हे खरे. तो संदेश आम्हीही वाचला होता. यात काहीतरी चुकते आहे, असे वाटलेही होते. पण टाकणारे वयाने मोठे, आपण कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. आमच्या गप्प बसण्याचा अर्थ मावशींनी होकार असा घेतला.

असे का होते? माणूस एकटा असताना एक विचार करतो आणि चारचौघांत दुसरा. याचा अभ्यास सामाजिक मानसशास्त्र करते. त्यातील तीन प्रयोग आपल्या रोजच्या मोबाईलला तंतोतंत लागू पडतात.

पुन्हा पुन्हा ऐकले की खरे वाटते

१९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकेतील संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही विधाने ऐकवली. काही खरी होती, काही खोटी. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने हे तीन वेळा केले. जी विधाने पुन्हा पुन्हा आली, ती विद्यार्थ्यांना अधिकाधिक खरी वाटू लागली. त्यांतली खोटी विधानेसुद्धा. ओळखीची गोष्ट मेंदूला समजायला सोपी जाते आणि त्या सोपेपणालाच आपण खरेपणा समजतो. तेव्हा मावशी अडाणी म्हणून फसल्या, असे कुणी म्हणू नये. शिकलेलेही असेच फसतात.

इतर शांत, म्हणून आपणही शांत

१९६८ साली लाताने आणि डार्ली यांनी एक प्रयोग केला. माणूस खोलीत बसून फॉर्म भरत असताना भिंतीतून धूर सोडला. माणूस एकटा असेल तर १०० पैकी ७५ जणांनी बाहेर जाऊन कळवले. पण सोबत आणखी दोघे असतील आणि त्यांना आधीच 'लक्ष देऊ नका' असे सांगून ठेवले असेल, तर १०० पैकी फक्त १० जणांनी कळवले. बाकीचे डोळे चोळत, खोकत तिथेच बसून राहिले. दुसरे शांत आहेत, म्हणजे काळजीचे कारण नसेल, असे त्यांना वाटले.

आपल्या ग्रुपवरही हेच होते. दोनशे माणसे वाचतात. पन्नास जणांना शंका येते. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि धूर वाढत राहतो.

एक आवाज पुरतो

तिसरा प्रयोग धीर देणारा आहे. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी लोकांना काही रेघा दाखवून विचारले, कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे? एकट्याने उत्तर देताना कुणी फारसे चुकत नव्हते. मग खोलीत आधीच ठरवून बसवलेल्या माणसांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले. तेव्हा डोळ्यांना दिसत असूनही दर चारपैकी तीन जण एकदा तरी त्यांच्या मागे गेले. पण त्या घोळक्यात एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले, तर असे वाहून जाणे एक-चतुर्थांशावर आले. एका माणसाच्या खरे बोलण्याने दुसऱ्याला बळ येते.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हीच वाट दाखवली होती. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, आदरणीय व्यक्तीने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका; त्याने हित होते की अहित, हे स्वतः तपासा. मोबाईलवर आलेल्या औषधालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

बोलायचे कसे?

मोबाईलवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून तोंडावर कधी बोललो नसतो, असे शब्द आपण सहज लिहून जातो. सगळ्यांसमोर अपमान झाला की माणूस चूक सुधारण्याऐवजी हट्टाला पेटतो. इथे सम्यक वाचा उपयोगी पडते.

• आधी फोन करा. "काका, तुम्ही काळजीनं टाकलंत, पण गोळ्या बंद केल्या तर साखर वाढते. दवाखान्यात विचारून मग सांगू या का?"

• नंतर ग्रुपवर एक साधी ओळ लिहा, कारण वाचणाऱ्यांनी तो संदेश आधीच वाचलेला असतो: "डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही चालू गोळ्या बंद करू नयेत."

• शंका असेल तर आशाताईंना विचारा किंवा १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करा.

• विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढून आठवड्यात आलेले आरोग्याचे संदेश मिळून तपासा.

साखर वाढली तरी लगेच दुखत नाही. त्यामुळे 'रस लागू पडला' असे वाटते. आत मात्र डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खराब होत जातात. किडनीला खरा धोका वाढलेल्या साखरेचा आहे. कारल्याची भाजी जरूर खावी, पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही.

मावशींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. जखमेला वेळ लागला, पण पाय वाचला. आम्ही ग्रुपवर ती एक ओळ लिहिली, तेव्हा थोड्याच वेळात तिघांनी कळवले, "आम्हालाही तेव्हा शंका आली होती."

पुढच्या वेळी ती शंका आपल्याकडून पहिल्याच दिवशी बोलली जावी.

जयभीम.