शिक्षकाचा लौकिक आणि त्याची नोंदवही

ग्रामीण शाळेतील शिक्षकाची बदली झाली म्हणजे त्याच्यामागे शाळेत काय उरते? दाखलखारीज रजिस्टर उरते, हजेरीपत्रके उरतात, जडवस्तूसंग्रहाची यादी नव्या शिक्षकाच्या हवाली होते. सेवापुस्तिकेत रुजू झाल्याचा दिनांक, वेतनवाढी व रजा यांची नोंद असते. परंतु मागे पडलेली मुले त्याने वाचती कशी केली, कोणती युक्ती फसली व कोणती साधली, याचा उल्लेख यांपैकी एकाही कागदात सापडत नाही. सहा-सात वर्षांचे अध्यापन शिक्षकाबरोबरच गाव सोडून जाते, आणि नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

यात शिक्षकाचेही नुकसान असते. पुरस्काराचा प्रस्ताव अथवा प्रशिक्षणवर्गासाठी तज्ज्ञ मार्गदर्शकांची नावे मागविली गेली, की चार दिवसांत प्रमाणपत्रे व छायाचित्रे गोळा करण्याची धावपळ सुरू होते. ज्याने खरोखर काम केलेले असते त्याच्याकडे दाखविण्यासारखे काही नसते, आणि ज्याच्याकडे छायाचित्रे पुष्कळ असतात त्याचा प्रस्ताव जाडजूड होतो. पुष्कळ सालस शिक्षक स्वतःच्या कामाविषयी बोलणे म्हणजे पुढे पुढे करणे असे समजून गप्प राहतात. हा संकोच समजण्यासारखा आहे. तथापि तो अस्थानी आहे. लिहावयाचे असते ते पाठाविषयी, स्वतःविषयी नव्हे. ‘मी असे केले’ यापेक्षा ‘मुलांना येथे अडले’ या वाक्याने आरंभ केला म्हणजे आत्मस्तुतीचा प्रश्नच उरत नाही.

नोंद कशी असावी याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात २३ मुले आहेत. ४०२ मधून १७८ वजा करावयास सांगितले असता १४ मुलांनी ३७६ असे उत्तर लिहिले. हे उत्तर केवळ चूक म्हणून लाल शाईने खोडून टाकण्याजोगे नाही. मुलांनी प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला आहे : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. म्हणजे त्यांच्या चुकीला एक नियम आहे, आणि नियम असलेली चूक नुसत्या सरावाने जात नाही. शिक्षकाने काड्यांचे शंभराचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या. एक शतक सोडून दहा दशक केले, त्यांतील एक दशक सोडून दहा एकक केले. आता ३ शतक, ९ दशक व १२ एकक झाले. त्यांतून १७८ काढता २२४ उरले. आठ दिवसांनी तसेच उदाहरण दिले, तेव्हा ५ मुले चुकली. तीन आठवड्यांनी पुन्हा दिले, तेव्हा ७ चुकली.

या नोंदीत शेवटचा सात हा आकडा सर्वांत मोलाचा आहे. तो गाळण्याचा मोह होतो, कारण पाचावर थांबले असते तर उपक्रम यशस्वी दिसला असता. परंतु अनुभवी सहकारी वाचतो तो त्या सातामुळेच विश्वास ठेवतो. पुढे काय केले असे विचारतो. आपल्या वर्गात तेच करून पाहतो. शिक्षकाचा व्यवसायातील लौकिक खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. त्यासाठी दोनशे पानी वही, आठवड्यातून एक नोंद आणि दिनांक एवढे पुरे. नियमित दोन ओळी या सत्रअखेरीच्या दहा पानांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

शिक्षकांनी आपले काम लिहून सहकाऱ्यांपुढे ठेवावे, ही प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि त्यांचा लेखनाचा हात बसला तो ‘शालापत्रक’ या शिक्षणविषयक मासिकात. ताराबाई मोडक यांनी १९३३ साली मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ काढली. अनुताई वाघ यांचा आरंभ खेड्यातील प्राथमिक शाळेत झाला. रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या, आणि १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला ताराबाईंसह त्यांनी काम केले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. कोसबाडची टेकडी आडबाजूला होती. तरीही तेथील प्रयोग इतरांना ठाऊक झाले, कारण ते लिहिले गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, ती पुष्कळ नंतरची गोष्ट होय.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांची रक्कम व त्यातील अर्धी इतर नऊ स्पर्धकांना वाटून देण्याचा त्यांचा निर्णय लोकांच्या लक्षात राहिला. त्याहून शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे की, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मुलांना ध्वनिमुद्रित कविता व चित्रफिती मिळवून देण्याची त्यांची कल्पना इतरांना उचलून वापरता येईल अशी होती.

आपले काम कोठे मांडावे? प्रथम केंद्राच्या शिक्षण परिषदेत, दहा मिनिटे, मुलांच्या दोन-तीन वह्या समोर ठेवून. तेथील शंका ऐकून लेख सुधारावा व मग पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ‘जीवन शिक्षण’ मासिकाकडे पाठवावा. भ्रमणध्वनीवरील शिक्षकगटांत मजकूर त्वरित पोहोचतो खरा. पण तेथे सत्काराची छायाचित्रे इतकी असतात की पाठाची नोंद दुसऱ्या दिवशी सापडत नाही. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून कोठेही देऊ नयेत, आणि चुकणाऱ्या मुलाचे नाव तर नोंदवहीबाहेर जाताच कामा नये. युक्ती दुसऱ्या शिक्षकाकडून घेतली असेल तर त्याचे नाव अवश्य लिहावे.

या खटाटोपाने सोयीचे गाव मिळेल किंवा ज्येष्ठतायादीतील क्रमांक वर सरकेल, अशी अपेक्षा मात्र कोणी धरू नये. त्यांचे नियम निराळे आहेत. लाभ होतो तो असा की, केंद्रातील एखाद्या शिक्षकास वजाबाकी अडली म्हणजे कोणाकडे जावे हे त्यास ठाऊक असते, आणि मार्गदर्शकाची निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शिफारशीऐवजी तीन वर्षांची वही येते.

बदलीचा आदेश आला म्हणजे मूळ वही शिक्षकाने बरोबर न्यावी. मुलांची नावे वगळून तिची एक प्रत शाळेच्या कपाटात, दाखलखारीज रजिस्टराशेजारी ठेवावी आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीत तिचा उल्लेख करावा.