निकालाच्या टक्क्यामागचा पट

शाळेच्या निकालाची टक्केवारी सर्वांच्या तोंडी असते. परंतु ती कोणत्या मुलांची आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बोनकोडे परिसरातील पालक महापालिकेची शाळा आणि खासगी शाळा यांची तुलना करतात तेव्हाही हेच घडते. सार्वजनिक शाळेच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचे यश कसे मोजावे, याचा विचार आम्ही या लेखात मांडत आहोत. जे जसे आहे ते तसे पाहावे ही तथागतांची शिकवण आकड्यांनाही लागू पडते, अशी आमची धारणा आहे.

या विचाराचा आदर्श परमपूज्य बाबासाहेबांनी घालून दिला आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. परीक्षेत किती उत्तीर्ण झाले, यापेक्षा दाखल झालेल्यांपैकी किती टिकले, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. त्याच भाषणात त्यांनी समाजगटांनुसार विद्यार्थिसंख्येची तुलनाही केली. निकाल आणि विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी एकत्र वाचावी, हा त्यातील धडा आहे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. बोनकोडे हे मूळचे आगरी समाजाचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भूसंपादनात भातशेती गेली आणि गावठाणाभोवती कोपरखैरणे नोड उभा राहिला. घाऊक बाजारपेठा मुंबईतून इकडे आल्यावर सातारा, सांगलीकडील माथाडी कामगारांची कुटुंबे येथे स्थिरावली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखाने आणि इमारतींची बांधकामे यांमुळे मराठवाडा, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथील श्रमिक आले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या शाळांपुढे अशी मिश्र वस्ती आहे. ऐपत येताच अनेक पालक मुलाला खासगी इंग्रजी शाळेत घालतात. अशा वेळी महापालिकेच्या वर्गात मागे राहतात ती बहुतांशी बिगारी, घरकामगार, हमाल, नाका कामगार यांची मुले. कोणाच्या घरी आगरी बोलतात, कोणाच्या घरी भोजपुरी, कोणाच्या घरी कन्नड किंवा बंजारा. पुस्तकाची भाषा त्यांपैकी अनेकांना शाळेतच प्रथम भेटते. बांधकाम संपले की बिऱ्हाड हलते आणि वर्षाच्या मध्येच मुलाचे नाव पटावरून निघते.

याचा निकालावर कसा परिणाम होतो, ते एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, पाचवीच्या पटावर ६० मुले होती. आठवीपर्यंत त्यांतील २० निघून गेली आणि १० नवीन आली. परीक्षेला ५० बसली, ४० उत्तीर्ण झाली. निकाल ८० टक्के. परंतु पाचवीपासून टिकलेल्या ४० मुलांपैकी ३४, म्हणजे ८५ टक्के उत्तीर्ण झाली. नव्याने आलेल्या १० पैकी ६, म्हणजे ६० टक्के. याचा अर्थ, शाळेत सलग शिकलेली मुले एकूण निकालापेक्षा सरस ठरली. दुसरीकडे, मूळच्या ६० पैकी या शाळेतून उत्तीर्ण झालेली ३४ मुले म्हणजे केवळ ५७ टक्के. निघून गेलेली २० मुले दुसऱ्या शाळेत आहेत की वीटभट्टीवर, याचे उत्तर ८० या आकड्यात नाही.

येथे आपल्या निवासी शाळेविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वसतिगृहाची परंपरा आपल्याला प्रिय आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते घरी दिवा आणि जागा नसलेल्या मुलाला अभ्यासाची संधी मिळावी म्हणूनच. निवासी शाळेत मूल वर्षभर एका छताखाली राहते, वेळेवर जेवते, संध्याकाळी अभ्यासाला बसते. शिवाय जागा मर्यादित असल्याने प्रवेश निवडूनच द्यावा लागतो. महापालिकेच्या शाळेला हे दोन्ही लाभ नाहीत. दारात आलेले प्रत्येक मूल तिला घ्यावेच लागते आणि हाच तिचा मोठेपणा आहे. म्हणून निवासी शाळेचे ९५ टक्के आणि सार्वजनिक शाळेचे ७० टक्के एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नाही. आलेले मूल कोठे होते आणि वर्षअखेर कोठे पोहोचले, ही प्रगती मोजली तरच शिक्षकाच्या कष्टांचे खरे मोल कळते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली असून पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. वारंवार शाळा बदललेल्या मुलाला याची झळ सर्वाधिक बसेल, आणि एकदा मागे पडलेले मूल शाळाच सोडेल, ही भीती खरी आहे. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलांसाठी आधारही दिला आहे. वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दाखला उशिरा आला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरलेले आहे. अनुदानित आणि सार्वजनिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत, अशीही तरतूद आहे.

या तरतुदी वापरणारी माणसे मात्र हवीत. नवी मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, त्यांनी जवळच्या महापालिका शाळेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : गेल्या तीन वर्षांत पटावरून किती मुले गेली, त्यांतील किती दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची खात्री झाली, आणि नव्याने आलेल्यांच्या वाचनासाठी कोणती व्यवस्था आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात वाचनवर्ग भरवणे अवघड नाही. पालकांनी समितीच्या बैठकीला हजर राहून हेच प्रश्न मांडावेत. आपल्या शाळेच्या पुढील स्मरणिकेतही निकालाच्या तक्त्याशेजारी मध्येच शाळा सोडलेल्या मुलांचा रकाना असावा, अशी आमची विनंती आहे.

बहुजनांचे हित हे आपल्या कार्याचे ध्येय आहे. त्या बहुजनांची मुले आपल्या वसतिगृहात मावतील त्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत आणि ती आज महापालिकेच्या बाकांवर बसलेली आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा हिशेब लागेल, तो दिवस आपल्या निकालाचा खरा दिवस ठरेल.