सोरायसिस: ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मलमाला इतर उपचारांची जोड कशी द्यावी

पुण्यात डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी पडली की सोरायसिसच्या अनेक रुग्णांचे कोपर, गुडघे आणि डोक्यावरचे चट्टे पुन्हा जाड होतात. कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वापासून बनवलेलं मलम त्वचेच्या पेशींची बेसुमार वाढ आवरतं, पण एकटं वापरलं तर पुरेसा फरक दिसायला आठ आठवडेही लागू शकतात. म्हणून डॉक्टर त्याला दुसऱ्या उपचारांची जोड देतात. या जोडीचा गुण येतो तो वेळ आणि प्रमाण पाळल्यानं.

तयारी

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, तेलं आणि गोळ्या पिशवीत घालून न्या. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदरपण असेल किंवा तसा विचार असेल, तर आधीच सांगा.

कृती

१. अंघोळ कोमट पाण्यानं करा. अंग टिपून ओलसर त्वचेवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. खपल्या नखानं खरवडू नका. जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो.

२. खपल्यांसाठी सॅलिसिलिक ॲसिड दिलं असेल, तर ते आणि कॅल्सिपोट्रिऑल एकाच वेळी एकाच जागी लावू नका. ॲसिडमुळे कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

३. मलम मोजून घ्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. प्रौढांसाठी कॅल्सिपोट्रिऑलची कमाल मर्यादा आठवड्याला १०० ग्रॅम आहे. चेहरा आणि जांघेत ते लावू नका. लावून झाल्यावर हात साबणानं धुवा, नाहीतर बोटांवरचं मलम डोळ्यांना लागतं.

४. स्टिरॉइडची जोड: बीटामेथासोन आणि कॅल्सिपोट्रिऑल एकत्र असलेलं मलम सहसा दिवसातून एकदा, चार आठवड्यांपर्यंत देतात. स्टिरॉइडमुळे लाली आणि कॅल्सिपोट्रिऑलची जळजळ दोन्ही कमी होतात. पुढे केव्हा कमी करायचं, ते डॉक्टर ठरवतील. आराम पडला म्हणून औषधाच्या दुकानातून तीच ट्यूब पुन्हापुन्हा आणू नका. त्वचा पातळ होते आणि जोरदार स्टिरॉइड अचानक थांबवलं तर आजार उसळतो.

५. प्रकाशोपचाराची जोड: नॅरोबँड यूव्हीबी बहुधा आठवड्यातून तीनदा देतात. त्या दिवशी मलम उपचार झाल्यावरच लावा. मलमाचा थर किरणांना अडवतो आणि किरणांनी औषधही बिघडू शकतं. गच्चीवर ऊन खात बसणं हा याला पर्याय नाही.

६. गोळ्यांची जोड: मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या वेगळ्या दिवशी घ्या, रक्ततपासण्या चुकवू नका आणि दारू टाळा.

७. दर आठवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात चट्ट्याचा फोटो काढा. चार आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा.

पाठीला हात पोहोचत नसेल तर घरच्यांना मलम लावायला निःसंकोच सांगा. सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही.

कधी थांबायचं

मलम वापरताना खूप तहान, उलट्या, बद्धकोष्ठता असा त्रास झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. मलम थांबवून डॉक्टरांना दाखवा. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मनानं घेऊ नका, कारण त्या मलमाची जागा घेत नाहीत आणि कॅल्शियम मात्र वाढवू शकतात. सकाळी बोटं आखडत असतील किंवा सांधे सुजत असतील, तर उपचार बदलावा लागेल, तेही सांगा. अंगभर लाली, पुवाचे फोड आणि ताप एकत्र आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जा.